विसावा माणूस

"सानू बाटू!"

"हाजिर."

मी मस्टरवर खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. डिसेंबरातली सकाळ होती. सातला कुपात, तोडीसाठी आखलेल्या जंगलपट्ट्यात, हजेरी घ्यायची म्हणजे धुक्यातच घ्यावी लागे. सगळे डोक्यावरून घोंगड्या घेऊन उभे, तोंड कुणाचंच दिसत नाही, नाव घेतलं की त्या घोंगड्यांतून कुठून तरी ओ यायची. वनखात्याच्या हजेरीवर प्रत्येकाचं नाव बापाच्या नावासकट लिहिलेलं असे. तुमला भोंगा. मन्सू दादू. सानू बाटू.

वीस नावं संपली. माणसं आरे-कुऱ्हाडी उचलून निघाली, आणि मी सहज मोजली. एकोणीस भरली.

चहा पिऊन झाल्यावर कामावर फिरताना पुन्हा मोजली. एकोणीसच.

मला वाटलं, कुणीतरी मित्रासाठी ओ देतोय. हे प्रकार सगळीकडे चालतात. मी काही बोललो नाही. कुंडबल्ड्याला येऊन मला नऊच दिवस झाले होते. मी स्वतः कोरकू, तापीकाठच्या गावचा, आमच्या गावातून खात्याची वर्दी घालणारा पहिलाच. ही माणसंही कोरकू. आम्ही आपसात कोरकूतच बोलायचो, इथे मराठीत सांगतोय इतकंच. पण मी लांबचा, त्यातून वर्दीतला. माझ्यासमोर ती मोजकंच बोलत.

कुंडबल्डा हे वनग्राम. जंगलातल्या कामासाठी खात्यानं वसवलेलं. प्रत्येक घराला राहायला जागा आणि कसायला तीन-चार एकराचा तुकडा. त्या बदल्यात घरटी एक माणूस हंगामभर तोडीच्या कामावर यायचा. माणूस आला नाही, तर जागा दुसऱ्याला. म्हणून तिथली हजेरी ही नुसती हजेरी नव्हती. ज्याचं नाव गाळलं त्याचं घर गेलं.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, "आज घोंगड्या काढा. ज्याचं नाव घेईन त्यानं चार पावलं पुढे यायचं आणि या पळसाजवळ उभं राहायचं."

कुणी कुरकुर केली नाही. थंडीत उघड्या डोक्यानं सगळे रांगेत उभे राहिले. मी एकेक नाव घेत गेलो, एकेक जण पळसाजवळ जात गेला. नऊ दिवसांत सानू म्हणून कुणी माझ्यासमोर आला नव्हता, म्हणून त्याचं नाव मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. रांगेत कुणीच उरलं नव्हतं. माझ्यासमोर मोकळी जागा, तिच्यामागे तोडायचे साग.

"सानू बाटू!" मी म्हणालो.

"हाजिर."

आवाज समोरून आला. पळसाकडून नाही, समोरच्या सागांतून. घसा खरवडल्यासारखा, तंबाखू खाणाऱ्या माणसाचा आवाज, 'हा' वर जरा ओढलेला.

मी धावतच तिकडे गेलो. पानगळ लागली होती. सागाचं वाळलेलं पान केवढं मोठं असतं. त्यावरून ससा गेला तरी पापड मोडल्यासारखा आवाज होतो. माझ्या बुटांखाली तर नुसता कडकडाट चालला होता. मी पन्नास-साठ पावलं गेलो, थांबलो. दुसरं काहीच वाजत नव्हतं. कुणी पळत असतं तर ऐकू आलं असतं.

परत आलो तेव्हा एकोणीस जण तसेच उभे होते. कुणी हसत नव्हतं, कुणी घाबरलेलंही नव्हतं. गावचा भुमका मन्सूबाबा, म्हणजे देवाचं आणि औषधाचं बघणारा म्हातारा, तोही कामावर असे. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "गार्डसाब, ओ दिली ना त्यानं? मग लिहा."

"कोण आहे तिकडे?"

"लिहा," तो म्हणाला. "उन्हं वर येतील."

मी लिहिलं नाही. वही मिटली आणि सगळ्यांना कामावर पिटाळलं.

त्या दिवशी मी तोडीत जास्तच फिरलो. झाड पाडायला दोन माणसांचा आरा असतो. दोन्ही टोकांना मुठी, बुंध्याच्या दोन बाजूंना दोघं बसतात. एकानं ओढायचं, मग दुसऱ्यानं. वीस माणसांचे दहा आरे. मी मोजत गेलो आणि दहाव्या आऱ्याचा आवाज टेकडीच्या वरच्या अंगाला ऐकला. एकसारखा, खर्रर्र, खर्रर्र, लय कुठे चुकत नाही.

तिथे तुमला होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा. तो बुंध्याच्या अलीकडे बसला होता. आरा त्याच्याकडे येई आणि परत जाई, येई आणि परत जाई. पलीकडची मूठ मला बुंध्यामुळे दिसत नव्हती. मी वळसा घालून पलीकडे गेलो.

पलीकडे कुणी नव्हतं. मूठ पुढे येत होती, मागे जात होती. भुसा पडत होता.

मूठ मागे खेचली जाई ती अशी तसूभर खाली झुकून, जसा ओढणाऱ्याचा हात दमल्यावर झुकतो. मी परत अलीकडे आलो आणि तुमलाचा खांदा धरला. तो थांबला. आराही थांबला.

"एकट्यानं कसा चालवतोस?" मी विचारलं.

"मी नुसता ओढतो, गार्डसाब," तो म्हणाला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "परत न्यायचं माझं काम नाही."

"तुझा जोडीदार कोण?"

"सानू. यादीत बघा ना."

दुपारी मी सरळ सानूच्या घरी गेलो. कुडाचं घर, सारवलेलं अंगण. त्याची बायको मिश्री अंगणात मोहाच्या बिया फोडत होती. पंचविशीही झाली नसेल. वर्दी पाहून उभी राहिली.

"सानू कुठे आहे, बाई?"

"कामावर, दादा."

"मी कामावरूनच येतोय."

तिच्या हातातला दगड खाली पडला. मग सगळं बाहेर आलं. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सानू खंडव्याकडे बहिणीला बघायला गेला होता. पाच दिवसांत येतो म्हणाला, तो आलाच नाही. वाघानं खाल्लं, की आणखी काही, कुणालाच माहीत नव्हतं.

"पण त्याची हजेरी लागते ना?" ती म्हणाली. "गावातले सांगतात, लागते. मी म्हटलं, भाऊबंद त्याच्या नावानं ओ देत असतील. लागते ना, दादा?"

"लागते," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला खाली बघावं लागलं.

खरं सांगायचं तर मी भ्यालो होतो. झाडीतल्या आवाजाला भ्यालो, त्या मुठीला भ्यालो, आणि त्याहून जास्त नोकरीला. खोटी हजेरी लावली हे बाहेर आलं तर वर्दी जाईल, आणि मी काय सांगणार होतो? की माणूस नाही पण ओ येते? संध्याकाळी मी वनपाल गुल्हाने साहेबांना चिठ्ठी लिहिली. 'सानू बाटू बेठेकर कामावर गैरहजर आहे. पुढील आदेश व्हावा.' चिठ्ठी पोचती केली आणि पुढचे दिवस त्याच्या नावापुढची जागा कोरी सोडत गेलो. नाव मात्र घ्यावंच लागे. आणि ओ येई. रोज.

आठव्या दिवशी गुल्हाने साहेब सायकल ढकलत टेकडी चढून आले. अमरावतीकडचे, पन्नाशीतले, नियमानं चालणारे पण वाईट नसलेले. मिश्री त्यांच्यामागे गावापासून चालत आली होती. ती लांब, झाडाला टेकून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत माझ्यासाठी काय होतं ते मी इथे सांगत नाही.

"कोनाची हाये ती बाई? सानूची?" साहेब म्हणाले. "मले तरी का आनंद हाये का, मौजी? पन दोन घरं जागेसाठी थांबून हायेत. नियम हाये. आन ती वही. आज मीच हजेरी घेतो."

नऊ वाजून गेले होते. धुकं पार विरलं होतं, कोवळं ऊन सगळ्या कुपात पडलं होतं. एकोणीस माणसं उघड्या डोक्यानं रांगेत. साहेबांनी चष्मा लावला. त्यांच्या मागे नुकतीच तोड झालेली मोकळी जागा होती, खुंटांशिवाय काही नाही. लपायला ससाही लपला नसता.

"तुमला भोंगा!"

"हाजिर."

"मन्सू दादू!"

"हाजिर."

साहेब प्रत्येकाचं तोंड बघून खूण करत होते. मग ते म्हणाले, "सानू बाटू," आणि मान वरसुद्धा केली नाही, कारण त्यांना उत्तर अपेक्षित नव्हतं.

"हाजिर."

साहेबांच्या कानामागून आला तो आवाज. मी त्यांच्या डाव्या हाताला दोन पावलांवर उभा होतो, म्हणून सांगतो. त्यांच्या आणि माझ्या मधून आला. तंबाखूचा वाससुद्धा आला.

साहेब गर्रकन वळले. मोकळी जागा. ऊन. खुंट.

"कोन बोललं बे?" ते म्हणाले. मग रांगेकडे वळून ओरडले, "कोन बोललं?"

कुणी हललं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड त्यांना दिसलं असेल, कारण त्यांनी मला काही विचारलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि या वेळी एकेक अक्षर सावकाश उच्चारत म्हणाले, "सानू... बाटू."

"हाजिर," आवाज म्हणाला. जरा वैतागून म्हणाला, दोनदा विचारल्यावर कामाचा माणूस जसा वैतागतो तसा.

साहेबांनी पेन वहीवर टेकवलं. खूण करायला त्यांना वेळ लागला. उरलेली नावं त्यांनी घेतली नाहीत. वही माझ्या हातात देऊन ते सायकलीकडे गेले आणि जाता जाता म्हणाले, "घर राहू दे सध्या." सायकलवर न बसता तिला ढकलतच ते उतारानं निघाले. एकदाही मागे पाहिलं नाही.

मिश्री झाडापाशी तोंडावर पदर घेऊन रडत होती. मी जवळ गेलो.

"तो आवाज सानूचा होता का?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. नाही.

त्यानंतर मी रोज खूण करत गेलो. चुकतंय की बरोबर, याचा विचार सोडून दिला. जानेवारीचा दुसरा आठवडा लागला. एके सकाळी हजेरीच्या वेळी खालून बैलगाडी आली. गाडीतून एक कृश पोरगेलासा माणूस कुबडीवर उतरला. डावा पाय मांडीपासून ताठ. त्याला पाहून रांग मोडली, सगळे त्याच्याभोवती जमले. तो सानू होता. खंडव्याच्या रस्त्यावर ट्रकनं उडवलं होतं. मांडीचं हाड मोडून तो दोन महिने सरकारी दवाखान्यात पडून होता, निरोप द्यायला कुणी ओळखीचं भेटलं नव्हतं. घरी जायच्या आधी तो तसाच कुपात आला होता.

"गार्डसाब," तो म्हणाला, "माझं नाव गेलं असंल ना?"

"नाही गेलं," मी म्हणालो. "उभा राहा रांगेत."

तो चकित होऊन कुबडीवर रांगेत उभा राहिला. मला वाटत होतं, आता खरा माणूस आलाय, आता तरी हे संपेल. मी नावं घेत त्याच्यापर्यंत आलो.

"सानू बाटू!"

"हाजिर," सानू म्हणाला.

आणि त्याच क्षणी, त्याच्या पातळ आवाजाबरोबरच, त्याच्या मागून तो खरवडलेला जाड आवाजही म्हणाला, "हाजिर."

सानूची कुबडी खाली पडली. तुमलानं त्याला धरलं नसतं तर तोही पडला असता. तो मान वळवून मागच्या सागांकडे बघत राहिला. मग लहान मुलानं बापाला हाक मारावी तसा म्हणाला, "आबा?"



त्या दिवशी मी काम उशिरा सुरू केलं. शेकोटीपाशी बसून मन्सूबाबानं सांगितलं ते असं.

बारा वर्षांपूर्वी तोड याच टेकडीवर होती. तेव्हा काम ठेकेदाराकडे असे. सानूचा बाप बाटू वरच्या अंगाला आरा ओढत होता, झाड फिरलं आणि त्याच्यावर आलं. ठेकेदाराच्या माणसांनी त्याला तिथेच पुरलं आणि दुपारनंतर काम पुन्हा लावलं. कुठे काही लिहिलं गेलं नाही.

"आमच्यात माणूस मेला की त्याचा मुंडा उभा करावा लागतो, हे तुला सांगायला नको," मन्सूबाबा म्हणाला.

मला ठाऊक होतं. मुंडा म्हणजे कोरलेला लाकडी खांब, त्यावर चंद्र-सूर्य, घोडेस्वार. तो सिडोलीच्या विधीनं उभा केला की मेलेला माणूस पूर्वजांत जाऊन बसतो. तोवर तो इथेच असतो.

"मग केला का नाही?"

"मुंड्याला साग लागतो. साग खात्याचा." म्हाताऱ्यानं हातानं सगळी टेकडी दाखवली, पडलेले लठ्ठे, रचलेल्या थप्प्या. "आम्ही आयुष्यभर साग पाडला, पण त्यातला हातभर तुकडा घरी नेला तर केस होते, घर जातं. तीनदा मागितला. दोनदा शिव्या खाल्ल्या, एकदा मार. मग ऐनाच्या लाकडाचा करून पाहिला. पहिल्याच पावसाळ्यात वाळवीनं खाल्ला. बाटू गेलाच नाही. इथेच राहिला, आणि बारा वर्षांनी तोड फिरून इथेच आली."

"पण तो सानूच्या नावाला का ओ देतो?"

मन्सूबाबानं माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. "नाव कुणाचं घेत होतास तू? सानू बाटू. पोरगा असताना पोरगा बोलायचा. पोरगा नव्हता, घर जाणार होतं, आणि तू रोज सकाळी बापाचंही नाव घेत होतास. तो काय करणार?"

"हे मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"वर्दीला सांगून काय उपयोग?"

सानू उठला आणि कुबडीवर टेकडी चढायला लागला. मी त्याच्याबरोबर गेलो. तुमला पुढे जाऊन आऱ्याला बसला होता. आरा चालू होता, त्याच लयीत. सानू वळसा घालून पलीकडे गेला आणि त्या हलणाऱ्या मुठीसमोर उभा राहिला. किती तरी वेळ नुसता बघत होता. मग त्यानं हात पुढे केला आणि मुठीवर ठेवला. आरा थांबला.

"कोमट आहे," सानू म्हणाला. "आताच कुणी धरली होती अशी."

तुमलानं डोळे मिटून घेतले.

सानू माझ्याकडे वळला. मला वाटलं होतं, तो खूश असेल. बापानं त्याचं घर राखलं होतं. पण त्याचं तोंड रागानं काळं पडलं होतं. "जिवंत होता तोवर ओढलं," तो म्हणाला. "मेल्यावरही ओढतोय. माझ्यासाठी. आणि मी येऊनसुद्धा थांबत नाही, गार्डसाब, कारण त्याला कुणी सुट्टी दिलेली नाही. माझा पाय आता असाच राहणार. तो जन्मभर माझा आरा ओढेल. त्याला सोडवा."

मी खाली आलो. पडलेल्या प्रत्येक लठ्ठ्याला नंबर घालून त्यावर माझा खात्याचा हातोडा मारायचा, हे माझं काम. हातोडा मारला की तो लठ्ठा खात्याचा. दुपारभर मी हातोडा मारत फिरलो. आईची आठवण येत होती. वर्दी पहिल्यांदा घालून गेलो तेव्हा ती घरात न घेता मला गावभर फिरवून आली होती.

संध्याकाळ व्हायच्या आत मी वरच्या अंगाला आलो, जिथे तुमलानं त्या दिवशीचं झाड पाडलं होतं. सरळ, दोन हात घेराचं, आतून तांबूस सोन्यासारखं. त्याच्यावर मी हातोडा मारला नाही. सानूला हाक मारली.

"गाडी इथवर येईल का?"

तो माझ्याकडे बघत राहिला.

"येईल का विचारतोय."

"येईल."

"मग घेऊन जा. उजेड आहे तोवर. चोरून नेल्यासारखं नेऊ नका."

मुंडा कोरायला चार दिवस लागले. मन्सूबाबाच्या भावानं कोरला. मधे चंद्र-सूर्य, खाली घोड्यावर बसलेला माणूस. मला वाटलं होतं, घोडेस्वाराच्या हातात काहीतरी असेल, पण हात मोकळे ठेवले होते. गावाबाहेरच्या मोहाखाली, इतर जुन्या मुंड्यांच्या रांगेत सिडोली झाली. मी वर्दी काढून धोतर नेसून गेलो. ढोल वाजले, बाया रडल्या, सानू कुबडी टाकून एका पायावर नाचला. खांबाला हळद लावताना मिश्रीनं मला बोलावलं आणि माझाही हात त्यावर लावून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं दाट होतं. वीस माणसं घोंगड्या घेऊन उभी होती. मी नावं घेतली. सानूच्या नावाशी आलो आणि थांबलो.

"सानू बाटू!"

"हाजिर," सानू म्हणाला.

आम्ही सगळे ऐकत उभे राहिलो. पुढे काही नाही. लांब कुठे तरी मोर ओरडला, बस्स. मग मी पुढचं नाव घेतलं.

थोड्या वेळानं टेकडीच्या वरच्या अंगाकडून तुमलाची हाक आली. आम्ही धावलो. तो आऱ्याची मूठ धरून बसला होता. आरा बुंध्यात अर्धा जाऊन अडकला होता.

"ओढला," तुमला म्हणाला, "आणि परत गेला नाही." हे सांगताना त्याला हसू येत होतं आणि गालांवरून पाणीही वाहत होतं. "एवढे दिवस... गेला, गार्डसाब. गेला तो."

तुमलाला नवा जोडीदार द्यावा लागला. सानूला मी रोपवाटिकेच्या राखणीवर नेमलं. बसून करायचं काम होतं. घर राहिलं.

फेब्रुवारीत तपासणीला गुल्हाने साहेब आले. खुंट मोजले, लठ्ठे मोजले. एक लठ्ठा कमी. ते मला बाजूला घेऊन गेले.

"कोनी नेला?"

मी सगळं सांगितलं. ऐकताना त्यांचा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला.

"मी अज्ञात चोर लिहितो," ते शेवटी म्हणाले. "तू नवीन पोरगा. पुढं मोठी नोकरी हाये तुही."

"चोर लिहिला तर गावाची झडती होईल, साहेब. मोहाखाली नवा साग उभा आहे. तो दिसेल. सानूचं घर जाईल आणि मुंडाही उपटतील."

"मंग का लिवू?"

"माझं नाव लिहा. माझ्या चुकीनं लठ्ठा गहाळ झाला, एवढंच."

त्यांनी मला दोनदा विचारलं. मग लिहिलं. लिहिताना मान खाली घालून म्हणाले, "लेका, तुले माह्यापेक्षा जास्त समजलं," आणि कागद माझ्यापुढे सहीला सरकवला.

एप्रिलमध्ये मला कामावरून काढल्याचं पत्र आलं. वर्दी, हातोडा, शिट्टी जमा करून मी गावी आलो. आईनं वर्दी टांगायची खुंटी काढून टाकली. पुन्हा सरकारी नोकरी मला मिळाली नाही. सानूचं आणि मिश्रीचं बरं चाललं. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या थोरल्या मुलाच्या लग्नालाही मी गेलो होतो.

पण नोकरी गेली त्याच वर्षीच्या डिसेंबरात आमच्या भागातली तोड निघाली तेव्हा पोटासाठी मी स्वतःच आरा घेऊन मजुरांत उभा राहिलो. माझा बाप गोमा मी शाळेत असतानाच तापाच्या साथीत गेला होता. त्याची सिडोली नीट झाली होती, गावच्या आंब्याखाली त्याचा मुंडा चांगला घट्ट उभा होता. मला हे पक्कं ठाऊक होतं. तरी नवा गार्ड नावं वाचत माझ्याजवळ यायला लागला तशी मी आऱ्याची मूठ घट्ट धरली.

"मौजीलाल गोमा!"

मी लगेच बोललो नाही. मागे झाडी होती. मी थांबलो. का थांबलो, भीतीनं की आशेनं, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. बापाचा आवाज कसा होता ते मी केव्हाच विसरून गेलो होतो.

"मौजीलाल गोमा! आहे की नाही?"

कुणीच बोललं नाही. मग मी म्हणालो, "हाजिर."